तळहातांनी ऐकलेला ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे, आणि खरं सांगू? दमलोय मी. ऐकू न येणाऱ्या मुलांची एक निवासी शाळा अहमदपुरात आहे. तिथे खिडकीखालच्या स्टुलावर मी असतो. चामडं सैल पडलंय, दोऱ्या झिजल्यात.

देवणी गावात आंब्याच्या खोडातून मला कोरलं, वर बकऱ्याचं चामडं ताणून बसवलं. तरुणपणी मी कितीतरी वराती गाजवल्या. लोक खूश होऊन माझ्यावर गुलाल उधळायचे. पुढे डीजे आला आणि मी माळ्यावर गेलो. उंदरांनी दोऱ्या कुरतडल्या तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी मालकाने मला या शाळेला देऊन टाकलं. मी मनात म्हटलं, घ्या! बहिऱ्यांच्या शाळेत ढोल! याहून मोठी थट्टा ती काय?

पण इथल्या शिक्षिका जगदेवीबाईंनी माझा गैरसमज घालवला. त्या मुलांचे तळहात माझ्यावर ठेवून थाप मारत आणि मुलांचे डोळे चमकत. मग चामड्याजवळ तोंड आणून त्या 'बा' म्हणत. ती थरथर हाताने घेत, बाईंचे ओठ बघत मुलं बोलायला शिकायची. 'बाई' हा बहुतेकांचा पहिला शब्द. वरातीतही मला एवढा मान नव्हता.

यंदा मात्र बाई थकल्या. एकेका शब्दासाठी महिना महिना घसा कोरडा करायचा म्हणजे काय गंमत आहे का? त्यातच लातूरच्या एका वसतिगृहातून निरोप आला. रेक्टर म्हणून या, दुप्पट पगार, राहायला खोली. बाईंची मुलगी वर्षाराणी लातुरातच डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचे क्लास करत होती आणि मेसच्या जेवणाने सारखी आजारी पडत होती. ही नोकरी घेतली की मायलेकी एकत्र राहणार होत्या.

बाईंचे यजमान बसवराज शाळेत आले. दोघे वर्गातच, मुलांसमोर बोलत बसले.

"लई झालं आता," बसवराज म्हणाले. "लेकरू तिकडं तापानं फणफणून राहिलंय अन् तू हितं ढोल बडवून राहिलीस."

"हाव, कळतंय मला. सोमवारी होकार कळवते. पोरांना आत्ताच काही सांगू नका."

अहो, सांगायचं राहिलं काय होतं! बाईंनीच मुलांना ओठ वाचायला शिकवलं होतं आणि बाईच ते विसरल्या. समोर तनुजा बसली होती, वर्गातली सगळ्यात मोठी मुलगी. तिची नजर बाईंच्या ओठांवरून हलली नाही. मी ओरडलो असतो, पण ढोल आपणहून कधी वाजतो का?

सोमवारी बाई वर्गात आल्या, तर तनुजा धाकट्या सुदर्शनचे हात माझ्यावर दाबून 'बा, बा' घोकून घेत होती. तो रडकुंडीला आलेला, ही घामाघूम. बाईंनी खुणेनेच विचारलं, हे काय चाललंय?

"बाई... लातूर," तनुजा अडखळत म्हणाली. "मी... शिकवते."

"तुला कुणी सांगितलं?"

तनुजाने बोट उचललं आणि बाईंच्या ओठांवर ठेवलं.

बाई माझ्याशेजारी बसल्या. तिथूनच त्यांनी लातूरच्या वसतिगृहाला फोन लावला. तोंड मुद्दाम मुलांकडे केलं आणि एकेक शब्द सुटा उच्चारला. "मी येणार नाही. मी इथेच राहणार." तनुजाने सुदर्शनला घट्ट धरलं.

मग बाईंनी दुसरा फोन लावला. या वेळी मात्र मुलांकडे पाठ केली.

"वर्षा, माझं येणं न्हाई जमलं गं."

पलीकडून मग "बरं, आई" एवढंच आलं. बाईंनी कपाळ माझ्यावर टेकलं. त्यांचा हुंदका माझ्या चामड्यात उतरला. मुलांना तो दिसला नाही. पण सुदर्शनचे तळहात अजून माझ्यावरच होते. ही कसली थाप, ते त्याला कळेना. तो बाईंकडे बघत राहिला.

मित्रांनो, ढोल सैल पडला की चामडं पुन्हा ताणलं जावं म्हणून त्याला ऊन दाखवावं लागतं. मला दाखवलंत तर बरंच होईल. पण आधी जगदेवीबाईंना कुणीतरी विचारा, बाई, दमलात का? आणि विचारताना तोंड त्यांच्याकडे करा.