रंगूनवालीचं खावसय

औरादच्या बाजारात जेवायचं तर चन्नव्वाकडं, हे इतकं ठरून गेलं होतं, की उदगीरच्या मोटारीतून उतरलेला नवखा माणूससुद्धा पत्ता विचारत नसे. भाजल्या भाकरीचा आणि लसणाच्या फोडणीचा वास धरून तो आपसूक तिच्या पडवीत येऊन टेकायचा. ज्वारीची पातळ भाकरी, भरलं वांगं, झुणका, शेंगांची चटणी आणि वर दह्याचा गोळा. चन्नव्वाचा हात सढळ होता. जीभ मात्र तिखट. कुणी भाकरीला नाव ठेवलं तर त्याच्या पुढ्यातलं ताट ती उचलून न्यायची आणि वर म्हणायची, "जा, बायकोच्या हातची खा. मग माझी आठवण काढत ये."

नवरा गेला तेव्हा भावकीनं तिला खानावळ बंद करायला सांगितलं होतं. बाईमाणसानं बाजारात बसणं बरं दिसत नाही म्हणाले. तिनं थोरल्या दिरावर उलथनं उगारलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी चूल पेटवली. रझाकारांच्या धामधुमीत अर्धा बाजार ओस पडला, तेव्हाही तिचा तवा थंड झाला नाही. गळ्यात लिंग, कपाळाला इभूत. माझ्या चुलीवर अंडंसुद्धा चढत नाही, हे ती येईल त्याला ऐकवायची. मुलगा हणमंतप्पा मंठाळला शेती बघायचा. हाताखाली होती सून शिवगंगा, कमी बोलणारी आणि सगळं बघणारी.

अशा या चन्नव्वाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडं, हरिबाच्या बायकोनं दुकान मांडलं.

हरिबा औरादचाच, मराठ्याच्या घरचा. तरुणपणी घरात भांडून रंगूनला पळाला आणि तिकडं तांदळाच्या गिरणीत लागला. जपानची लढाई संपल्यावर परतला तो बायको घेऊन. तिचं नाव मा थिन. गोल चेहरा, बारीक डोळे, घोट्यापर्यंत घट्ट गुंडाळलेली लुंगी. भावांनी दोघांना वाड्यात घेतलं नाही. वाटणीत बाजारातली एक खोली दिली आणि हात झटकले. गावानं तिचं नाव रंगूनवाली ठेवलं. हरिबाचं ऐकून ऐकून ती मराठी बोलायला शिकली, पण 'ळ' काही तिच्या जिभेवर बसला नाही. डाळीला ती डालच म्हणायची.

ती विकायची ती वस्तू औरादनं कधी पाहिली नव्हती. उकडलेल्या शेवया वाडग्यात घालायच्या, त्यावर बेसन आणि नारळाच्या दुधाचा दाटसर पिवळा रस्सा ओतायचा, वरून तळलेला कांदा, भाजलेल्या मिरचीची पूड आणि लिंबाची फोड. तिच्या भाषेत ते खाव-स्वे. बाजारानं त्याचं खावसय केलं. जोडीला बेसन शिजवून थापलेल्या मऊ वड्या असायच्या, चिंचेच्या पाण्यात बुडवून.

"ही तर पाटवडी!" चन्नव्वा पडवीतून ओरडली. "माझी पाटवडी चोरून रंगूनच्या नावानं विकायलीस व्हय गं?"

मा थिन हसली. "अक्का, बेसन माझ्या आईकडं पण होतं."

त्या हसण्यानं चन्नव्वाच्या अंगाची लाही लाही झाली. त्या दिवसापासून तिनं भांडी धुतलेलं पाणी रस्त्याच्या मधोमध फेकायला सुरुवात केली, आणि ते उतारानं नेमकं समोरच्या दारात जायचं. चुलीतली राख वारा बघून उडवायची. मा थिन दार झाडायची आणि पुन्हा शेवया उकडायला बसायची.

पहिल्यांदा मोटारीचे ड्रायव्हर तिकडं गेले. मग शाळेतले मास्तर, मग कचेरीत नव्यानं बदलून आलेले कारकून. जाताना चन्नव्वाकडं बघायचं टाळायचे, म्हणून तिला ते जास्तच झोंबायचं. दुपारी उरलेल्या भाकरी बघून ती शिवगंगेवर खेकसायची, "पीठ जास्त कामून मळलंस? डोळे फुटलेत का तुझे?"

शेवटी तिला राहवलं नाही. बाजार नसलेल्या एका दुपारी रस्ता सामसूम झाला, तशी डोक्यावर पदर घेऊन, सुनेला बरोबर घेऊन ती मागच्या बोळातून हरिबाच्या परसात शिरली. मागच्या दाराशी एक झाकलेली बरणी होती. तिच्याजवळून जाताना कुजल्यासारखा उग्र वास आला. चन्नव्वानं नाक मुरडलं आणि आत गेली.

"काय काय घालतीस ते बघायला आले," ती म्हणाली. "जेवायला न्हाई."

मा थिननं पातेल्यावरचं झाकण काढलं. बेसन दाखवलं, खोबरं दाखवलं, आलं-लसूण दाखवला. "सगलं शिवराक हाय, अक्का, मासमच्छी काही न्हाई. बसा."

चन्नव्वा बसणार नव्हती. पण रश्श्याची वाफ तोंडावर आली आणि ती बसली. पहिला घास तिनं खोड काढायच्या तयारीनं घेतला. नारळाची गोडी, बेसनाचा खमंगपणा, आणि मागून हळूच चढत जाणारी मिरची. कांदा दाताखाली कुरकुरला. जन्मभर ती दुसऱ्यांना वाढत आली होती. आयतं, गरम, असं कुणी तिच्या पुढ्यात ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं. वाडगा कधी रिकामा झाला ते तिला कळलं नाही. मा थिननं न विचारता पुन्हा भरला. तोही तिनं संपवला. शिवगंगेनंही खाल्लं, खाली मान घालून, मनापासून.

तोंड पुसून चन्नव्वा उठली. "मीठ जास्त पडलंय."

मा थिन पुन्हा हसली. तिची नजर रिकाम्या वाडग्यावर होती.

ते हसू चन्नव्वाच्या मनातून जाईना. रंगूनवाली आता बाजारभर सांगेल, की चन्नव्वा चोरून आली आणि वाडगा चाटूनपुसून गेली. ती सांगण्याआधी आपणच काही केलं पाहिजे, असं तिनं ठरवलं. आणि तिला परसातली बरणी आठवली.

पुढच्या बाजाराला ताटं वाढता वाढता ती बोलत गेली. "तिकडं जाता ना रे? जावा. कुजके मासे घालती ती रश्श्यात. बरणी भरून ठेवलीय मागं. वास घेऊन बघा."

बोलणं वाऱ्यासारखं पसरलं. कुणीतरी खरंच परसात डोकावला, बरणीचा वास घेतला आणि ओकत बाहेर आला. शिवराक समजून खाणाऱ्यांचं टाळकं फिरलं. मा थिनचं दुकान ओस पडलं. तिच्या पाण्याच्या रांजणात कुणी शेण टाकलं. मग एका दुपारी काही जण दारात शिव्या देत जमले. हरिबा त्यांना हात जोडत बाहेर आला, तर कुणीतरी त्याला ढकललं. उंबऱ्याच्या दगडावर त्याचं डोकं आपटलं आणि रक्ताची धार लागली.

चन्नव्वा पडवीत उभी राहून बघत होती. ती जागची हलली नाही. शिवगंगा पुढं निघाली, तर तिनं दंड धरून तिला मागं ओढलं. "आपल्याला काय करायचंय?"

शिवगंगेनं तिच्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भर जेवणाच्या वेळी मा थिन रस्ता ओलांडून चन्नव्वाच्या पडवीत आली. काखेत बरणी होती. पडवी माणसांनी गच्च भरली होती. कापडाचे व्यापारी रेवणसिद्धप्पाही त्या दिवशी जेवायला बसले होते. लिंगायतांत त्यांचा शब्द खाली पडत नसे.

मा थिननं बरणी जमिनीवर ठेवली आणि झाकण काढलं. माणसं नाकाला पदर, उपरणी लावून मागं सरली.

"ए, उचल ते!" चन्नव्वा किंचाळली. "लोक जेवायलेत!"

"उचलते," मा थिन म्हणाली. आज ती हसत नव्हती. "मासे हायत. मांजरा नदीचे, मीठ घालून मुरवलेले. माझी आई करायची, मी करते. माझ्या ताटात खाते, घरात. विकायच्या पातेल्यात कधी घातले न्हाईत. माझ्या मालकाचं डोकं फोडलं तुमी, म्हणून सांगायला आले."

"खोटं बोलायलीस!"

"बरं. खोटं." मा थिन रेवणसिद्धप्पांकडं वळली. "अप्पा, माझ्या रश्श्यात मासे असतील, तर ह्या बाईनं पण मासे खाल्ले. माझ्या घरात बसून. एकदा वाढलं, पुन्हा वाढलं, सगलं खाल्लं. विचारा तिला."

तव्यावरची भाकरी करपू लागली, तरी कुणाचं लक्ष गेलं नाही.

रेवणसिद्धप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "चन्नव्वा, हे खरं हाय का?"

चन्नव्वानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. खाल्लं म्हणावं, तर आपल्याच तोंडच्या बोलण्यानं बाटलो. मासे नव्हते म्हणावं, तर बाजारभर पसरवलेलं आपलंच बोलणं खोटं. तिनं हरिबाचं रक्त बघितलं होतं. आता तोंडातून काय निघतं याकडं सगळा बाजार कान लावून होता.

"मी तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवला न्हाई," ती म्हणाली. "लिंगाची आण."

"अत्ती!" मागून शिवगंगेचा आवाज आला. हातातली परात खाली ठेवून ती पुढं आली होती. "आण घेऊ नका. अप्पा, अत्ती गेल्या होत्या. मी पण होते. आमी दोघींनी खाल्लं. पातेलं मी डोळ्यानं बघितलं. त्यात बेसन होतं आणि नारळ होता. मासे नव्हते."

चन्नव्वानं फिरून सुनेच्या थोबाडीत मारली. भरल्या पडवीत. शिवगंगा रडली नाही. तिनं गालावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली, आणि त्यामुळं तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

रेवणसिद्धप्पा उठले, हात धुतले. "माणसाचं डोकं फुटलं, चन्नव्वा," एवढंच म्हणाले आणि अर्धं ताट टाकून निघून गेले. त्यांच्या मागोमाग आणखी काही उठले. मा थिननं बरणी झाकली, काखेत घेतली आणि मागं न बघता रस्ता ओलांडला.

खोट्या आणेचं प्रायश्चित्त म्हणून मठाच्या अय्यांनी चन्नव्वाला पुन्हा लिंगपूजेला बसवलं, कपाळाला इभूत लावली आणि मोकळं केलं. खानावळ बंद पडली नाही. पण जुनी माणसं कमी झाली, आणि जी येत ती मुकाट्यानं जेवून जात. तिचं बोलणं आता कुणी मनावर घेत नसे, मग ती वांग्याच्या भावाबद्दल बोलो की पावसाबद्दल. शिवगंगा महिनाभरानं नवऱ्याकडं मंठाळला गेली. जाताना पाया पडली, पण परत कधी येणार ते बोलली नाही. चन्नव्वानंही विचारलं नाही.

समोर गर्दी पूर्वीपेक्षा वाढली. डोक्याला पट्टी बांधलेला हरिबा दारात बसून लिंबं चिरायचा. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या, त्यांतलेही काही जण वाडगा पुढं करून उभे राहायचे. मा थिन त्यांना वाढायची, पण त्यांच्याकडं बघायची नाही.

चन्नव्वाला त्या रश्श्याची आठवण सुटत नव्हती. या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग होता. संध्याकाळी तळलेल्या कांद्याचा वास रस्ता ओलांडून यायचा आणि तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा तिनं दार लावून स्वतः करून बघितलं. बेसनाच्या गुठळ्या झाल्या, नारळाचं दूध फाटलं, शेवयांचा लगदा झाला. सगळं गाईपुढं ओतून ती भिंतीला टेकून बसली आणि रंगूनवालीला तोंड भरून शिव्या दिल्या.

मग एका सकाळी ती उठली आणि बाजाराच्या ऐन गर्दीत, समोरच्या दारानं, हरिबाच्या दुकानात जाऊन बसली. हरिबाच्या हातातली सुरी थांबली.

"एक वाडगा दे," चन्नव्वा म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम चढवला होता. आता लपवायला राहिलं काय होतं?

मा थिननं कोपऱ्यातून पळसाचा द्रोण काढला. त्यात शेवया घातल्या, वर रस्सा ओतला, कांदा टाकला. लिंबू दिलं नाही. द्रोण तिनं चन्नव्वाच्या हातात दिला नाही, पुढ्यात जमिनीवर ठेवला.

"सगळ्यांना वाडगा," चन्नव्वा म्हणाली. "मला द्रोण कामून?"

"तुमच्या तोंडचा वाडगा मला परत घासायचा न्हाई, बाई," मा थिन म्हणाली. "खा आणि जावा."

अक्का ती म्हणाली नाही, हे चन्नव्वाच्या लक्षात आलं. द्रोण भिरकावून उठावं, असं तिला वाटून गेलं. चारी बाजूंनी माणसं त्याचीच वाट बघत होती. द्रोणाच्या बुडातून पिवळा रस्सा झिरपून फरशीवर ओघळू लागला होता.

चन्नव्वानं द्रोण उचलला. गळतीखाली डावा तळहात धरला आणि खायला लागली. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत वाहिला, लुगड्याला लागला. तिनं एक शेवई सोडली नाही. चव अगदी तशीच होती, कणभरही उणी नाही, आणि त्याबद्दल तिला समोरच्या बाईचा जीव घ्यावासा वाटला.

ती उठली, रिकामा द्रोण स्वतः उचलून दाराबाहेर टाकला आणि उन्हात रस्ता ओलांडून आपल्या चुलीकडं गेली. मा थिननं तिची बसायची जागा पाण्यानं धुऊन काढली.