मिठबावकरांची बंद खाण

आमच्या नेरूळच्या सोसायटीत सकाळी फिरणाऱ्यांचं एक मंडळ होतं. बागेला त्याच त्या फेऱ्या मारून सगळे इतके कंटाळले होते की आता फक्त एकमेकांच्या प्रकृतीवर बोलत. अशा वेळी जयप्रकाश मिठबावकरांनी सहल सुचवली. खाडीपासून डोंगरापर्यंत दगड वाहणाऱ्या ट्रॉलीचे जुने रूळ होते, त्यांवरून चालत जायचं आणि वरची बंद दगडखाण पाहायची.

"बंद आहे नक्की?" आशुतोष बेंद्र्यांनी विचारलं. बेंद्रे वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत आणि ती छापूनही येत, त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला सोसायटीत वजन होतं.

"अहो, मीच बंद केलीय," मिठबावकर म्हणाले.

ते बेलापूरला एका सरकारी कार्यालयात होते. खाणीचे दगड खालच्या वस्तीत पडतात म्हणून ती बंद करण्याचा हुकूम निघाला होता आणि बंद झाल्याचा पाहणी अहवाल त्यांनी लिहिला होता. मेअखेर ते निवृत्त होणार होते. इतक्या वर्षांत एक शेरा नाही, हे ते कुणी न विचारताही सांगत.

एका रविवारी आम्ही निघालो. कुठल्याशा पतसंस्थेच्या फुकट मिळालेल्या पांढऱ्या टोप्या सगळ्यांच्या डोक्यावर होत्या. पुढे मिठबावकर, गळ्यात शिट्टी. रूळ नाल्यातून गेले होते, बाभळीतून गेले होते, एका झोपडीत शिरून मागच्या दाराने बाहेर पडले होते. घरातल्या बाईने आम्हालाही तसंच जाऊ दिलं.

अर्ध्या वाटेवर डोंगराकडून दणका ऐकू आला.

"ढग," मिठबावकर म्हणाले.

फेब्रुवारी होता. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं, शिष्टाचार म्हणून.

मग खडी भरलेला डंपर गेला. "रस्त्याचं काम असेल," असं म्हणून ते भराभर चालू लागले. हात खिशात घातले, काढले, पुन्हा घातले. शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही.

"अहो, हळू. खाण कुठे पळून जात नाही," मागून त्यांच्या पत्नी नंदिनीवहिनी म्हणाल्या. नवऱ्याला नेमकी तीच चिंता होती, हे त्यांना कसं कळावं?

वळणावर राहीबाई नावाची एक बाई लाल फडकं घेऊन उभी होती. "थांबा, सुरुंगाचा बार उडायचाय."

बार उडाला. धूळ इतकी सुरेख उसळली की आमच्यातल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. धुळीपलीकडे खडी फोडणारा क्रशर घरघरत होता.

"मिठबावकर," बेंद्रे म्हणाले, "ही तीच का?"

मिठबावकर काही बोलण्याआधीच मुकादम शहाजी धावत आला. टोप्या, शिट्टी आणि पुढे चालणारा घामाघूम माणूस पाहून त्याला समजायचं ते समजलं.

"साहेब, आज रविवार हाय," तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "आमी तुमच्यासाठी सगळा आठवडा बंद ठेवतो. एक सुट्टीचा दिवस चालवतो, तर त्या दिवशीबी तुमी?"

तो ओरडला आणि क्रशर थांबला. डोंगर एकदम गप्प झाला.

मी पाहणीला आलेलो नाही, असं मिठबावकरांना सांगता आलं असतं. ते बेंद्र्यांकडे वळले. "बघा. बंद आहे."

बेंद्र्यांनी गळ्यातल्या कॅमेऱ्याचं झाकण काढून पुन्हा लावलं. "पुढच्या रविवारी मी एकटाच येईन. न सांगता."

तेव्हापासून मिठबावकरांनी आमचा रविवार ताब्यात घेतला. बेंद्रे दार उघडायचे तेव्हा हे जिन्यात हजर. बेंद्रे सहाला निघाले तर हे साडेपाचला, बेंद्रे साडेपाचला तर हे पाचला, आणि मागे आम्ही, जांभया देत, टोप्या घालून. आम्ही पोचलो की शहाजी खाण बंद करायचा आणि चहा आणायचा. मिठबावकर चहा प्यायचे नाहीत. क्रशरला फेऱ्या मारत राहायचे, एखादं चाक अजून फिरतंय का बघत. घरीही, वहिनी म्हणत, हे झोपेत पाय हलवतात.

चौथ्या रविवारी राहीबाई समोर येऊन उभी राहिली.

"सायेब, तुमी आता दर आयतवारी येनार का? सांगून ठेवा. म्हंजे आमी दुसरीकडं काम बघतो."

मिठबावकर थांबले नाहीत. एक फेरी पूर्ण करून आले. बाई तिथेच उभी होती.

"अहो, सांगा की त्यांना काहीतरी," वहिनी म्हणाल्या.

"नोकरी आहे तोवर येईन."

"आन् मंग?"

"मग दुसरा माणूस पाहणी करेल."

"हितं येऊन?"

मिठबावकरांनी आमच्याकडे पाहिलं, बेंद्र्यांकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "माझ्यासारखीच. खुर्चीत बसून."

बेंद्र्यांचा चहा ओठाशीच राहिला. पंधरा दिवसांत दोन पत्रं छापून आणणारा हा माणूस हळूच म्हणाला, "मी हे ऐकलं नाही, असं समजू का?"

"ऐका की. तेवढ्यासाठीच चार रविवार माझ्या मागे फिरताय ना?"

"तुम्ही माझ्या मागे फिरताय," बेंद्रे म्हणाले.

हा वाद बराच वेळ चालला असता. मिठबावकर रुळावर बसले आणि शहाजीकडे हात करून त्यांनी चहा मागितला. कप घेताना त्यांचे पाय हलत नव्हते, हे वहिनींनी मला नंतर दोनदा सांगितलं.

शहाजी घुटमळला. "मग साहेब, सुरू करू का?"

"आज नको. उद्या मी ऑफिसात जाऊन सुरू करतो. अहवाल बदलतो. कागदावर सुरू झाल्याशिवाय ती खरी बंद कशी करणार?"

शहाजीला ते पटलं. त्याने राहीबाईला हाक मारून सांगितलं, "मावशे, दुसरीकडं काम बघून ठेव."