खारीच्या उडीची जागा

शामसुंदर गेले त्याला सात महिने झाले होते, आणि त्यांच्या मुलीला भीती वाटू लागली त्याला दोन आठवडे.

तोवर रूपश्रीला नुसतं दुःख होतं, आणि त्याच्यासकट ऑफिसला जाता येत होतं. मग एका रविवारी आईकडे, मल्लेश्वरमच्या घरी, तिने वडिलांचा, अण्णांचा कंप्यूटर उघडला. स्टेशनरीचं दुकान बंद केल्यावर अण्णांनी शेवटची चार वर्षं एकाच गोष्टीच्या मागे घालवली होती. शेजारच्या फणसावरून गच्चीवर उडी मारणाऱ्या खारीचा फोटो. कठड्यावर बसून शेंगदाणे खाणाऱ्या खारी ढिगाने होत्या. त्यांना हवी होती ती हवेतली, चारही पाय सुटलेली, डोळा लख्ख दिसणारी. ती काही मिळाली नाही.

फोल्डरांमध्ये तिला सापडला आईचा हात. शेकडो फोटोंत तोच. मधोमध पसरलेला पंजा, मनगटावर हिरव्या बांगड्या, बाकी सगळं धूसर. कारण तिला माहीत होतं. उडी डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते, आणि मोकळ्या हवेत कॅमेऱ्याला फोकस धरायला काहीच नसतं. म्हणून खार जिथून जाणार तिथे आईने हात धरायचा, अण्णांनी त्यावर फोकस बसवायचा, मग आईने बाजूला व्हायचं आणि दोघांनी वाट बघायची. जेवताना दोघं हे हसून सांगत. पण हाताच्या मागे काय आहे, हे रूपश्रीने कधी पाहिलं नव्हतं. मागे, खूप खाली, शेजाऱ्यांच्या स्कूटरचा लाल ठिपका होता.

म्हणजे आई दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून कंबरेपर्यंत बाहेर वाकत होती. एकाहत्तराव्या वर्षी, शुगरच्या गोळ्या घेत.

त्या दिवसापासून फोन वाजला की रूपश्री आधी आईचा नंबर आहे का ते बघायची. बुधवारी तो वाजला तेव्हा ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला, ऑफिसात होती.

‘‘खार परत यायला लागलीय,’’ आई म्हणाली. ‘‘रविवारी ये. नवाच्या आत. तो कॅमेरा मला झेपत नाही.’’

‘‘आई, राहू दे ना ते आता.’’

‘‘राहू कसं दे? वर्षश्राद्धाच्या आत मला तो फोटो हवाय.’’

‘‘मी येणार नाही.’’

‘‘सरी, बरं. नको येऊस. मी मोबाईलवर काढते. एक हात बाहेर, एका हातात मोबाईल.’’

रूपश्री गेली. आई हे करणारच होती, तर निदान आपण तिथे असावं, एवढाच विचार तिने केला.

गच्चीवर आईने कठड्यावर शेंगदाणे मांडून ठेवले होते. कठड्याला लागून कपडे धुवायचा दगड होता, त्यावर ती चढून उभी राहिली. रूपश्रीने वाळत घालायची काठी पुढे केली. ‘‘हात कशाला? ही धर.’’

‘‘काठी हलते. अण्णांनी करून बघितलंय. तुला सुचलं ते त्यांना सुचलं नसेल होय?’’

‘‘मग मी तुला धरते.’’

‘‘आणि फोटो कोण काढणार, खार? जा, टाकीवर जा. तुझ्यासारखी भित्री मुलगी आमच्या सात पिढ्यांत नव्हती.’’

पाण्याच्या टाकीचा ओटा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला होता. तीन पायऱ्या चढून रूपश्री अण्णांच्या जागी उभी राहिली आणि तिने कॅमेरा डोळ्याला लावला. लांब भिंगातून आई दिसेना. दिसला फक्त हात. बांगड्या नव्हत्या.

पावसाच्या आधी कोणीतरी फणस छाटला होता. फांदी आता बरीच मागे होती, आणि उडीची मधली जागाही कठड्यापासून दूर सरकली होती. पंजा चौकटीच्या कडेला होता. जराशाने तो मधोमध आला असता.

‘‘अजून थोडं पुढे,’’ रूपश्री म्हणाली.

हात पुढे आला. बोटांवरच्या सुरकुत्या दिसू लागल्या.

‘‘अजून बोटभर.’’

हात कडेला सरकला. तिने भिंग त्याच्यामागे फिरवलं. हात खाली गेला, आणि चौकटीत नुसता लाल ठिपका उरला.

ओट्यावरून ती कशी उतरली, ते तिला नंतर आठवलं नाही. गळ्यातला कॅमेरा बरगडीवर आपटत होता. आई दगडावर गुडघे टेकून होती, छाती कठड्यावर, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला, डोळे मिटलेले. रूपश्रीने तिच्या कमरेला मिठी मारली आणि तिच्यासकट मागे, गच्चीच्या फरशीवर बसली.

‘‘सोड. साडी फाटेल,’’ आई म्हणाली.

‘‘फाटू दे. चक्कर आली?’’

‘‘स्वल्प.’’

‘‘अशी नेहमी यायची?’’

‘‘चक्कर नाही यायची. भीती वाटायची.’’ आईने घाम पुसला. ‘‘रोज.’’

‘‘मग अण्णांना सांगितलं का नाहीस?’’

‘‘काय सांगू? ते टाकीवरून ओरडायचे, लक्ष्मी, अजून बोटभर! माणूस इतका खूश असतो, त्याला काय सांगायचं? मला वाटायचं, आज मिळेल फोटो, उद्यापासून सुटले.’’

अण्णांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. रूपश्रीला आठवला तो स्वतःचा, दोन मिनिटांपूर्वीचा आवाज. दोन आठवडे झोप नव्हती तिला याच्या धास्तीने, आणि भिंगाला डोळा लावल्याबरोबर तिनेच आईला बाहेर ढकललं होतं. बोटभर, बोटभर करत.

इतक्यात फणस हलला. खार फांदीच्या टोकाशी आली, थबकली, आणि उडाली. क्षणभर ती हवेत होती, शेपटी सरळ, पाय पसरलेले. मग कठड्यावर आली आणि शेंगदाणा घेऊन पळाली.

‘‘अगं, काढ ना!’’

रूपश्रीने मिठी सोडली नाही. ‘‘नाही.’’

‘‘दोन हात रिकामे ठेवले असतेस तर—’’

‘‘नाही काढणार. आज नाही, पुढच्या रविवारीही नाही. तुझा मोबाईलसुद्धा मी घेऊन जाणार.’’

‘‘मग तुला फोन कशावरून करू? फणसावरून?’’

रूपश्रीला हसू आलं नाही. आईने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं.

‘‘त्यांचं राहिलं ना गं एवढं,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘राहू दे. त्यांचं एक राहिलं म्हणून चालेल. तुला काही झालेलं मला नाही चालणार.’’

आईने पाय पुढे घेतले, रूपश्रीच्या खांद्यावर भार टाकून उठली, आणि स्वतःच जिन्याकडे निघाली.

जिना अरुंद होता, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. रूपश्री पुढे झाली, वळली, आणि आईकडे तोंड करून उलट्या पावलांनी खाली उतरू लागली, दोन्ही हात वर धरून.

‘‘मी काय लहान आहे?’’

‘‘उतर,’’ रूपश्री म्हणाली. ‘‘पायाकडे बघ. एकेक.’’