पहिल्या तोडीचं सरपण

नवसाबाईचं पत्र पुंजाराम गुरुजींनी एका जाड पुस्तकात घालून ठेवलं होतं, आणि मग त्या पुस्तकाकडे बघायचंच सोडलं होतं. पत्रात एवढंच होतं : ‘गुरुजी, माळावर सुबाभळी लावल्या त्या माझ्या आईने आणि बौद्धवाडीतल्या बायांनी. आता तोडणी आली. आईला बोलावणार ना? तुम्ही माळाच्या समितीचे सेक्रेटरी. मला नाशिकला दोन ओळी कळवा.’

गुरुजींनी कळवलं नाही. ‘नाही’ लिहायची लाज वाटत होती आणि ‘हो’ लिहायचा धीर नव्हता.

वणीकडचा तो माळ म्हणजे नुसता मुरूम. सरकारी योजनेत तिथे सरपणाची झाडं लावायची ठरली, तेव्हा गावातलं कुणी खड्डे खणायला फिरकलं नाही. नवसाबाईची आई कुसाबाई भर उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहून रोपं जगवत राहिली. “लेक दिल्या घरी गेली. ह्या सुबाभळी तरी म्हातारपनी माझी चूल पेटवतील,” असं ती हसून म्हणे.

तोडणीच्या सकाळी ती कोयता घेऊन माळावर आली. सरपंच भिमाजी आडवा आला.

“कुसाबाई, लांब व्हय. पहिली तोड देवीच्या भंडाऱ्याची हाय. तुजा हात लागला तर विटाळ व्हईल.”

“आन् खड्डे खनताना? तवा हे हात कुनाचे व्हते?”

“तवा ती माती व्हती. आता देवीच्या चुलीचं सरपन हाय.”

“लय नाजूक हाय की तुमची देवी!”

कुसाबाई गुरुजींकडे वळली. “गुरुजी, तुमी सांगा. तुमीच म्हनला व्हता ना, राबंल त्याला वाटा?”

गुरुजी चष्मा पुसत राहिले.

घरात जाळायला काडी नव्हती. कुसाबाई तशीच डोंगरावर गेली. वाळक्या फांद्यांची मोळी घेऊन कड्यावरून उतरताना तिचा पाय निसटला. लोकांनी तिला दरीतून वर आणलं, तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

तिचा मुलगा केरू सरणासाठी लाकूड मागायला आला. देवळामागे सुबाभळीचा ढीग पडला होता.

“भंडारा होऊ दे, मंग बघू,” भिमाजी म्हणाला.

“दादा, आई तवर थांबंल व्हय?”

केरूने घराचं दार आणि खाट मोडून आईचं सरण रचलं. जयंतीला दाराला दिलेला निळा रंग तडतडत जळताना गुरुजींनी लांबून पाहिला.

भंडाऱ्याच्या दिवशी गाव पंगतीला बसलं. गुरुजी पानावरून उठले, घरी जाऊन लिहायला बसले, आणि लिहून झाल्यावर चावडीसमोरच्या टपालपेटीपाशी आले.

“काय गुरुजी, नवं पुस्तक मागवताय जनू?” भिमाजीने हटकलं.

“नाही. कुसाबाईच्या लेकीला कळवतोय. तिच्या आईला कुणी हाकललं, लाकूड कुणी नाकारलं, आणि मी कसा गप्प बसलो. तिने फिर्याद करावी. साक्षीला मी उभा राहीन.”

“गावात राहायचंय ना, गुरुजी?”

पाकीट पेटीच्या फटीत अडकलं. गुरुजींनी बोटाने ते आत ढकललं.