पावणेदोन सेकंद

फाइल ००१. "मला पाणी हवं आहे." उघडत नाही.
फाइल ००२. "दिवा बंद कर." उघडत नाही.
फाइल ००३. "कोण आलंय?" उघडत नाही.

तिसऱ्या फाइलला धाकटी खुर्चीतून उठली. उभं राहून काय करायचं ते सुचेना म्हणून परत बसली. चौथी फाइल दाबली.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी बहीण. वय सत्तेचाळीस, केस निम्मे पांढरे, पण 'धाकटी' हे नाव एकदा चिकटलं ते चिकटलंच. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती बावीस वर्षं नळ्यांना लेबलं लावत आली होती. एक नमुना, एक नळी, एक नंबर. सरमिसळ तिला खपत नसे. घरात साखरेच्या डब्यावरसुद्धा तारीख. म्हणूनच दादाच्या आवाजाचं काम तिच्याकडे आलं.

दादा तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होता. एकापेक्षा एक घाबरट माणसं. त्यांच्या शेजारी बसून ज्या आवाजात तो "क्लच सोड, हळू… हळू, कुणी मागे लागलेलं नाही" म्हणायचा, त्या आवाजावर त्याचं घर चाललं. नऊ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्याची स्वरपेटी काढली. गाठ होती, इलाज नव्हता. पण ऑपरेशनआधी तीन आठवडे हाताशी होते, आणि तेवढ्यात धाकटीने त्याच्याकडून सहाशे बारा वाक्यं वाचून घेतली. आवाज तयार करून देणारं एक केंद्र होतं. त्यांना या फाइली द्यायच्या, त्यावरून ते आवाज उभा करणार. मग दादा टॅबलेटवर जे टाइप करील ते टॅबलेट त्याच्याच आवाजात बोलणार. फाइली द्यायची शेवटची तारीख शुक्रवार.

आज मंगळवार.

फाइल ०३८. "गार वाटतंय." उघडत नाही.

प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांची शेपटी फुटली होती. लॅबमध्ये कुणीतरी सगळ्या नळ्यांवर दुसरंच लेबल चिकटवून जावं तसं. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक नवी चिठ्ठी. धाकटीने ती उभ्या उभ्या वाचली: *घाबरू नका. तुमच्या सगळ्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. किल्ली आमच्याकडेच आहे. तीन दिवसांत पैसे भरलेत तर निम्म्यात.*

घाबरू नका म्हणे.

तरी तिने जादा प्रत ठेवली होती. तशी ती गाफील नव्हे. कॉम्प्युटरच्या मागे एक छोटी डिस्क वायरने कायमची जोडलेली होती. काढून ठेवली तर परत लावायला विसरेन म्हणून चार वर्षांत एकदाही न काढलेली. तिने ती उघडली.

तिथेही चार अक्षरांची शेपटी. कुलूप लावणारा घरभर फिरला होता, आणि या खोलीचं दार उघडंच होतं.

फाइल २०५. "आज कसं वाटतंय विचारू नकोस." उघडत नाही.

वहिनी हॉस्पिटलमधून दादाचे कपडे न्यायला आली तेव्हा धाकटी जमिनीवर बसून वायरी उपटत होती.

"हे काय चाललंय?"

"नेटची वायर काढतेय."

"ती टेलिफोनची आहे."

धाकटीने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे जवळजवळ सगळं. वहिनीने पिशवी खाली ठेवली नाही. ती हातात धरूनच ऐकलं.

"मग भरून टाकू पैसे."

"वहिनी, अगं चोर आहेत ते."

"चोर तर चोर. गेले नऊ दिवस तो पाटीवर खडूने लिहितोय. काल नर्सला 'उशी' लिहून दिलं तर तिने ऊस वाचलं. तो माणूस शुक्रवार म्हणून बोटं मोजतोय." वहिनीचा आवाज चढला आणि एकदम उतरला. "हे आलं कुठून पण? आपोआप?"

"आपोआपच असेल," धाकटी म्हणाली, आणि टेलिफोनची वायर परत लावायला टेबलाखाली शिरली. तिथे जरा जास्तच वेळ राहिली.

फाइल २९०. "खोटं बोलू नका, दुखणार असेल तर आधी सांगा." उघडत नाही.

मशीनबाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. बाई साठीच्या, चष्म्याला दोरी. पूर्वी रेडिओ दुरुस्त करत, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. काढलेले स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. ते पाहून धाकटीला पहिल्यांदा बरं वाटलं.

"बसा."

"उभीच बरी आहे."

"मग निदान येरझारा घालू नका, माझे स्क्रू उडतात. शेवटचं काय टाकलंत यात?"

"काही नाही."

मशीनबाईंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "ताई, लॅबमध्ये पेशंट येतो, उपाशीपोटी आलोय म्हणतो, आणि नाश्ता करून आलेला असतो. कळतं ना तुम्हाला?"

"रिपोर्टमध्ये कळतं."

"मलाही कळेल. त्यापेक्षा तुम्हीच सांगा."

धाकटीने घसा खाकरला. "फ्रीजची घरघर येत होती. रेकॉर्डिंगमध्ये. दादाच्या मागे. केंद्रवाल्यांनी सांगितलेलं, शांत पाहिजे. ती घरघर काढायचं सॉफ्टवेअर होतं, पण विकतचं. मग एका साइटवर फुकट मिळालं."

"कुलूप तोडलेलं."

"हो. त्यात लिहिलेलं, टाकण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर तो उगाच ओरडेल."

"आणि तुम्ही बंद केलात."

"सूचना होती ना तशी." बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं. बावीस वर्षं सूचना पाळल्याचा हा प्रसाद. "तो ओरडला होता. दोनदा. मी दोन्ही वेळा 'चालेल' दाबलं."

मशीनबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कागद पुढे ओढून लिहायला लागल्या. "आता ऐका. घरी गेलात की दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बँकेचे, मेलचे, सगळे पासवर्ड बदलायचे. या जातीचं सॉफ्टवेअर कुलूप लावायच्या आधी खिसे चाचपतं. पैसे भरायचे नाहीत. किल्ली येईलच असं नाही, आणि ही बाई देते एवढं त्यांना मात्र कळतं. कुलूपबंद फाइल एकही पुसायची नाही. आज किल्ली नसली तरी वर्षा-दोन वर्षांनी निघते कधी कधी. चोर पकडले जातात, किल्ल्या सापडतात."

"शुक्रवारपर्यंत?"

"ते मी बोलले नाही."

"व्हायरस काढून टाकलात की फाइली उघडतील ना?"

"चोराला हाकललं म्हणून त्याने लावलेलं कुलूप निघत नाही, ताई. ती दोन वेगळी कामं. उद्या या."

"उद्या किती वाजता?"

"उद्या."

धाकटी जिना चढून वर आली आणि परत खाली गेली. "दहाला येऊ?"

बुधवार. सव्वानऊ.

मशीनबाईंनी स्वच्छ पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून आतली घाण शोधली होती, सगळ्या कुलूपबंद फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवल्या होत्या, मग कॉम्प्युटर पार कोरा करून सगळं नव्याने टाकलं होतं. चिठ्ठी आणि एक फाइल त्यांनी एका मोफत साइटला दाखवली होती. ती साइट कुलूप कुठल्या जातीचं ते ओळखते.

"ओळखलं. किल्ली नाही. तुमची किल्ली नेटवरून खास तुमच्यासाठी बनवलेली. त्या वेळी तुमचं नेट बंद असतं, तर त्याने सगळ्यांना लावतो ती सामाईक किल्ली वापरली असती. ती सापडलेली आहे."

धाकटी भिंतीला टेकली. तीन आठवडे. दादाच्या घशात गाठ, प्रत्येक वाक्यामागे घोटभर पाणी, आणि तरी ती म्हणायची: दादा, 'हवं'मधला 'ह' नीट नाही आला, परत.

"पण," मशीनबाई म्हणाल्या.

"पण काय? बोला ना!"

"ही जात घाईची आहे. हजारो फाइली पटापट मारायच्या असतात. म्हणून आख्खी फाइल कुलूपबंद करत नाही. फक्त सुरुवातीचा तुकडा. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तो भरतो…" त्यांनी कागदावर भागाकार केला. "पावणेदोन सेकंद. पुढचं सगळं जसंच्या तसं आहे. चांगल्या फाइलची सुरुवात त्याला जोडायची की वाजतं."

त्यांनी बटण दाबलं. पट्टी सरकली. खर्र. आणि मग जिन्याखाली, स्क्रूंच्या ट्रेवर, दादा:

फाइल २९०. "……………असेल तर आधी सांगा."

धाकटी बसली. दुकानात आल्यापासून पहिल्यांदा.

फाइल ००१. "……"
फाइल ०३८. "……"
फाइल २०५. "…………विचारू नकोस."
फाइल ४११. "………………त्याला आधी फोन कर, मग मला."
फाइल ५०७. "……"

छोटी वाक्यं पावणेदोन सेकंदांच्या आतच संपायची. ती अख्खी गेली. पाणी गेलं, दिवा गेला, गार वाटणं गेलं. लांब वाक्यांची शेपटं उरली. आधी तिने एकेका बैठकीचं सलग रेकॉर्डिंग केलं होतं. मग एक वाक्य, एक फाइल, एक नंबर असे तुकडे पाडले आणि मूळ सलग फाइली नेटकेपणाने पुसून टाकल्या. नेटकेपणाने! तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. गबाळी असती तर दादा आख्खा राहिला असता.

केंद्रातल्या मुलीने फोनवर शांतपणे सांगितलं की शेपटांवर आवाज उभा राहत नाही. सलग बोलणं लागतं. निदान वीस मिनिटं, त्याच्या एकट्याचं.

गुरुवार. सकाळपासून धाकटी मशीनबाईंनी दिलेली डिस्क चाळतेय. वहिनीचे दोन फोन. "आहे, चाललंय," असं दोन्ही वेळा.

साडेअकराला तिला एक फाइल दिसली. नंबर नाही, लेबल नाही. नुसतं 'नवीन रेकॉर्डिंग'. त्रेचाळीस मिनिटं. ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी दादा वाचायला कंटाळला होता. कागद भिरकावून म्हणाला, बास झालं, आता तू शीक. तिला गाडी येत नव्हती. तीस वर्षांत तेवढी एकच विद्यार्थिनी त्याला मिळाली नव्हती. त्याने तिच्या हातात स्टीलचं ताट दिलं, हे स्टिअरिंग म्हणून. माइक चालूच राहिला. ते सगळं इतकं गचाळ होतं की तुकडे पाडणं तिच्याच्याने झालं नव्हतं, आणि पुसायचं राहून गेलं.

मशीनबाईंनी दाखवलं होतं तशी तिने चांगल्या फाइलची सुरुवात जोडली आणि हेडफोन लावले. खर्र. मग:

"……रशात बघ आधी. आरशात! ताट कशाला वर केलंस, आरती करायचीय?"

"दादा, हसवू नको ना."

"क्लच दाब. डावा पाय. तुझा डावा कुठला ते ठरव आणि दाब. हां. आता पहिला गिअर. खर्रर्र. झालं, गिअरबॉक्स गेली. शंभर नंबरी गाडी होती माझी."

त्रेचाळीस मिनिटं तो बोलत होता. नीट, खुशीत, न थांबता, पाण्याचा घोटही न घेता. आणि त्रेचाळीस मिनिटं ती हसत होती. त्याच्यावर, त्याच्या मध्ये, त्याच्या शब्दांच्या आत घुसून.

*त्याच्या एकट्याचं.*

मग तिने कात्री चालवली. नव्या, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर. तिचं "नाही रे", काढ. तिचं "थांब थांब", काढ. तिचं हसू, काढ. काही ठिकाणी हसू आणि शब्द एकमेकांत असे गुंतले होते की दोन्ही टाकावे लागले. गतिरोधक गेला. रिव्हर्स अर्धा गेला. उठायची, पाणी प्यायची, परत बसायची, मिनिटं बघायची. सतरा. अठरा. माझ्या तोंडाला कुलूप लावलं असतं तर? एकोणीस. संपलं. आणखी काहीच नव्हतं.

तिने काढलेल्या तुकड्यांची टोपली पुन्हा उपसली. जिथे हसू अगदी हलकं होतं, नुसता श्वासासारखा आवाज, ते तुकडे परत आत घेतले. बावीस.

शुक्रवारी ती डिस्क स्वतः घेऊन केंद्रात गेली. तिथल्या मुलीने ऐकलं. "मागे कुणीतरी आहे का?"

"फ्रीज असेल," धाकटी म्हणाली.

आवाज यायला अकरा दिवस लागले. दादा तोवर घरी आला होता. त्याला एवढंच माहीत होतं की कॉम्प्युटर बिघडला आणि काही वाक्यं गेली. धाकटीने नवी डिस्क आणली, आठवड्यातून एकदा जोडायची, काम झालं की उपटून कपाटात. दुसरी लॅबमधल्या तिच्या खणात. वहिनी म्हणाली, बाई, तुला झालंय काय, रोज उठून त्या वायरीच मोजतेस.

टॅबलेट आला तेव्हा तिघंही स्वयंपाकघरात होती. दादाने खुर्ची ओढली, गळ्यावरची पट्टी सारखी केली, दोन बोटांनी टाइप केलं आणि बटण दाबलं.

"अगं, चहा टाक."

तोच आवाज. 'अगं'चा 'गं' जरा तुटका, कडेला हलकासा श्वास. वहिनी ओट्याशी पाठमोरी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. गॅस पेटवायला तिला चार काड्या लागल्या.

"अजून काही बोल," ती तशीच म्हणाली.

"साखर कमी. डॉक्टरने नाही, मी सांगतोय."

आणि तिथेच, वहिनी नाक पुसत हसत असताना, धाकटीने सांगून टाकलं. एका दमात. कॉम्प्युटर बिघडला नव्हता. मी बिघडवला. चोरीचं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस बंद, तो दोनदा ओरडला आणि मी दोनदा 'चालेल' म्हटलं. तुझी सहाशे बारा वाक्यं मी घालवली, दादा. वहिनीला म्हटलं आपोआप झालं.

वहिनी वळली. दादाने टॅबलेट जवळ ओढला. टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं. धाकटी खिडकीशी गेली, ती बंद केली, उघडली.

"बस की गं खाली," वहिनी म्हणाली.

बटण.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

गाडीत घाबरलेल्या माणसाला विचारावं तसा शांत आवाज. त्याला तो एकच सूर आता येत होता. बाकीचे त्रेचाळीस मिनिटांत नव्हतेच.

"कसं सांगणार?" धाकटी म्हणाली. "तुझ्याकडे मला शिव्या द्यायला आवाजच नव्हता. पाटीवर लिहिल्या असत्यास तर मी मेले असते."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून टाइप करायला लागला. बराच वेळ. चहा उतू गेला, वहिनीने पुसला. तो थांबेना. मध्येच एक बोट वर करून त्याने धाकटीला बजावलं, जाऊ नकोस, आणि पुढचं लिहू लागला.

ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.