डोळे मिटलेत का?

मित्रांनो, थर्मास म्हटलं की तुम्हाला चहा आठवत असेल. माझ्या पोटात चहाचा एक थेंबही कधी पडला नाही. मी एक जुना थर्मास आहे, रुंद तोंडाचा, निळ्या प्लॅस्टिकचा, आणि मी पुण्यात तेवीस वर्षं मेलेल्या माणसांचे डोळे वाहिले. अंगावर काटा आला असेल तर येऊ द्या. मला त्याची सवय आहे. माझ्याकडे बघून पाय मागे घेणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता त्यांचा राग येत नाही. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तो सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. आत काचेची नळी, बाहेर प्लॅस्टिक, मध्ये पोकळी. माझ्याबरोबर जन्मलेली भावंडं सहलींना गेली, क्रिकेटच्या मैदानावर गेली, लग्नाच्या आहेरात गेली. मला बोहरी आळीतून रामदासनं विकत घेतलं. ते साल त्र्याण्णव होतं. रामदास एका नेत्रपेढीत तंत्रज्ञ होता. दुकानदारानं विचारलं, "सहलीला का साहेब?" रामदास म्हणाला, "हो, शेवटच्या." रामदासची जीभ ही अशी. पुढे तिच्यापायी काय झालं तेही सांगणारच आहे.

काम साधं होतं. कुणाच्या घरी कुणी गेलं आणि घरच्यांनी कळवलं की रामदास माझ्या पोटात बर्फ भरायचा, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये मला ठेवायचा आणि डॉक्टरांना मागे बसवून निघायचा. सहा तासांच्या आत पोचायचं. डोळे काढायला वीस मिनिटं लागतात. चेहरा विद्रूप होत नाही, रक्ताचा डाग राहत नाही. दोन छोट्या बाटल्या बर्फात ठेवायच्या आणि परत फिरायचं. सुरुवातीला निरोप यायचे ते कोपऱ्यावरच्या पीसीओवरून. मग घरोघर फोन आले, मग खिशाखिशात मोबाइल आले. शहर वाढलं, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, रस्त्यावर गाड्या मावेनात. सहा तास मात्र सहाच राहिले.

त्या घरांतून मी काय काय ऐकलं! खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एक ख्रिस्ती आजोबा गेले होते. त्यांची मुलगी म्हणाली, शेवटच्या दिवशी देव सगळ्यांना नवं शरीर देऊन उठवणार आहे, मग डोळे काय तो विसरेल? येरवड्याच्या एका बौद्ध घरात आत्मा कुणी मानत नव्हतं, पण दान मानत होतं. नारायण पेठेतल्या एका मास्तरांनी चिठ्ठीच लिहून ठेवली होती: "मेल्यावर काहीही नसते. डोळे न्यावेत. कावळ्याला त्रास देऊ नये." ही सगळी माणसं एकमेकांशी एका वाक्यावरही सहमत झाली नसती. आणि प्रत्येकानं डोळे दिले. म्हणून सांगतो, माझं भांडण कुणाच्या श्रद्धेशी नाही. मेल्यावर काय होतं हे मलाही ठाऊक नाही. सातशेच्या वर डोळे माझ्या पोटातून गेले, त्यातल्या एकानंही मला काही सांगितलं नाही.

आता पुण्याजवळच्या मांजरी गावातली गोष्ट सांगतो. दोन हजार सहा सालचा एप्रिल होता.

आमच्या नेत्रपेढीच्या रुग्णालयात तेव्हा कोंडीराम नावाचा माणूस वाट बघत होता. तो वाशीमकडचा. पुण्यात येऊन हिंजवडीच्या कंपन्यांच्या इमारतींत फरशी बसवायचा. एक डोळा लहानपणी गोवरात गेलेला. दुसऱ्यात फरशी कापताना कपची उडाली आणि बुबुळावर फूल पडलं. नवं बुबुळ बसवलं तर दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोनदा त्याला बोलावलं, दोनदा शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलं आणि दोन्ही वेळा आयत्या वेळी डोळे देणाऱ्या घरानं माघार घेतली. त्या सकाळी त्याची बायको इंदुबाई त्याला हाताला धरून तिसऱ्यांदा उपाशीपोटी घेऊन आली. का, तर सव्वानऊला आम्हाला एक फोन आला होता.

फोन साईनाथ नावाच्या तरुणाचा होता. तो हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत नोकरीला होता, घर मांजरीला. "माझी आई गेली. आनंदीबाई. तिनं फॉर्म भरलाय. तुम्ही निघा, मीही निघतोय, पण ट्रॅफिक आहे, दोन तास लागतील." एवढंच बोलला. आवाज फुटला होता.

रामदासनं लगेच मांजरीच्या घरी फोन लावला. प्रत्येक घराला तो तीन गोष्टी विचारायचा: डोळे मिटलेत का, पंखा बंद आहे का, पापण्यांवर ओला कापूस ठेवलाय का. डोळे उघडे राहिले तर बुबुळं सुकतात आणि सुकलेलं बुबुळ कुणाच्या उपयोगाचं नसतं. फोन आनंदीबाईंचे दीर रंगराव यांनी उचलला.

"डोळे मिटलेत का?" रामदासनं विचारलं.

"व्हय," रंगराव म्हणाले, "साडेआठलाच मिटलं."

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी हंबरडा फोडला आणि फोन ठेवला गेला. रामदासनं वहीत लिहिलं, 'डोळे मिटलेले', आणि माझ्या पोटात बर्फ ओतला.

मी तिथेच होतो, मित्रांनो. मीही ऐकलं. मलाही काही खटकलं नाही. त्याचा राग मला अजून स्वतःचाच येतो.

साडेदहाला आम्ही मांजरीला पोचलो. बरोबर डॉक्टर शेफाली होत्या. नवीन होत्या, पण हात स्थिर. हिंदुरावांचं घर म्हणजे तीनमजली नवं बांधकाम. समोर एकेकाळी त्यांचा ऊस होता, तिथे आता सात मजल्यांची सोसायटी होती. हिंदुराव म्हणजे आनंदीबाईंचे यजमान. ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते आणि कुणाकडेच बघत नव्हते. दारात रंगराव उभे होते.

"साईनाथ येऊ द्या आधी," ते म्हणाले. "आन् आमचं ठरू द्या."

"काय ठरायचंय?" डॉक्टरांनी विचारलं. "त्यांनी स्वतः सही केलीय. तुमच्यापैकी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, तेवढीच."

"पुढल्या जल्मी आंधळी आली म्हंजी? तुमी लिहून देताय का?"

इथे रामदासनं तोंड बंद ठेवायचं होतं. ठेवलं नाही. "पुढच्या जन्माचं ऑफिस वेगळं आहे, काका. आमच्याकडे याच जन्माचे फॉर्म मिळतात."

झालं! पेटलं सगळं. आमच्या माणसाची चेष्टा करता काय, म्हणून चार जण पुढे आले. डॉक्टरांनी रामदासकडे असं बघितलं की माझ्या आतला बर्फ वितळावा. पुण्याच्या माणसाला आपलं वाक्य गिळता येत नाही, मग त्यासाठी दुसऱ्याचा डोळा गेला तरी चालेल!

मग सुरू झाली चर्चा. तिला चर्चा म्हणायचं तर म्हणा. एक जण म्हणाला, जीव दहा दिवस घरातच असतो, त्याला कसं दिसायचं. दुसरा म्हणाला, यमाची वाट अंधाराची आहे, ती बिनडोळ्यांची कशी चालेल. सोसायटीतले बापूराव सांत्वनाला आले होते. ते म्हणाले, आत्म्याला डोळे नसतातच, तो जुना सदरा टाकावा तसं शरीर टाकतो. रामदासनं तोच धागा पकडला आणि या वेळी नीट हात जोडून म्हणाला, "मग त्या टाकलेल्या सदऱ्याची दोन बटणंच मागतोय आम्ही. तीही ज्याचा सदरा त्यानंच देऊ केलेली." काही जणांना पटलं. रंगरावांना पटलं नाही. अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. प्लॅस्टिकच्या खुर्चीखाली मी उन्हात बसलो होतो आणि एकच विचार करत होतो: इतक्या जणांना आनंदीबाईंचा पुढचा जन्म माहीत आहे, मग त्यांनी या जन्मात काय मागितलं होतं ते एकालाही का आठवत नाही?

पावणेबाराला साईनाथ आला. शर्टावर कंपनीचं ओळखपत्र तसंच लोंबत होतं. आल्या आल्या काकावर ओरडला, "मेल्यावर काही नसतं काका! काही नसतं! जाळून राख करणार आहात ना डोळ्यांची? मग कुणाला दिली तर काय बिघडलं?"

"काय नसतं म्हंतोस? मंग तुझी आई कुटं गेली आता?" रंगरावांनी विचारलं.

 तेव्हा ओट्यावरून हिंदुराव उठले. म्हणाले, "रंगा, बस झालं. मला तिनं इचारलं न्हवतं, सांगितलं हुतं. माझं डोळं मी देणार हाय म्हणली. तिचं हायत, माझं न्हाईत. कुटं सही करू?"

त्यांनी सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. अजून पावणेतीन तास शिल्लक होते. रामदासनं मला उचललं. आम्ही आत गेलो.

पंखा पूर्ण वेगात फिरत होता. आणि आनंदीबाईंचे डोळे सताड उघडे होते.

उशाशी हिंदुरावांची बहीण सोजरबाई बसली होती. म्हणाली, "म्या मिटू दिलं न्हाईत कुणाला. लेकराची वाट बघत हुती. त्याला बघितल्याबिगर कशी मिटायची?"

डॉक्टर शेफालींनी बॅटरी लावली. खाली वाकल्या. एक डोळा, मग दुसरा. "रामदास, सुकलेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही. पांढरे पडलेत."

"पण मी विचारलं होतं!" रामदास ओरडला. "डोळे मिटलेत का म्हणून विचारलं होतं! साडेआठला मिटले म्हणालात!"

दारातून रंगराव म्हणाले, "मिटलंच की. साडेआठला गेली ती."

तेव्हा कळलं. आपल्या भाषेत माणूस मेला की म्हणतात, डोळे मिटले. एकानं पापण्या विचारल्या, दुसऱ्यानं मरण सांगितलं. कुणी खोटं बोललं नव्हतं. सोजरबाईनं तर मायेपोटीच केलं होतं. मग मी रागावू तरी कुणावर? पण मी रागावलो आहे! सव्वातास ती माणसं मेल्यानंतरच्या नजरेवर भांडत होती, आणि भिंतीपलीकडे खरी नजर पंख्याखाली वाळत होती. भांडणाऱ्यांपैकी एकानंही आत जाऊन त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

साईनाथनं आईच्या पापण्या मिटायचा प्रयत्न केला. त्या ताठल्या होत्या. तो सोजरबाईला म्हणाला, "आत्या, माझ्यासाठी?" ती म्हणाली, "मग काय तर. आता दिसला असशील तिला." मेल्यावर काही नसतं, असं घटकाभरापूर्वी ओरडून सांगणारा तो पोरगा मग तिच्या नजरेच्या समोर जाऊन गुडघ्यांवर बसला. बसून राहिला. पंखा बंद करायचं तेव्हा सुचलं, रंगरावांना.

आम्ही नुसता बर्फ घेऊन परत आलो. वॉर्डाच्या दारात कोंडीराम बाकावर बसला होता. स्कूटर, पावलं आणि माझ्या पोटातला बर्फ, त्यानं सगळं ऐकलं आणि उठून उभा राहिला.

"बर्फ वाजला जी. आले ना डोये?"

प्रत्येक गोष्टीला ज्याच्याकडे उत्तर असायचं त्या रामदासनं मला खाली ठेवलं. मग म्हणाला, "कोंडीराम, जेवून घ्या."

कोंडीराम परत बाकावर बसला. इंदुबाईनं भाकरीचं फडकं सोडलं. दोन महिन्यांनी दुसरीकडून डोळे आले तेव्हा आम्ही कोंडीरामला फोन लावला, तर लागला नाही. बांधकामावर विचारलं, ते म्हणाले, गावी गेले, इथं आंधळ्याला काय काम.

आता मी कपाटावर असतो. नेत्रपेढीत पांढरी नवी पेटी आली आहे आणि माझ्यात कुणीतरी खडू ठेवतं. रामदास अजून फोन घेतो. आता तो विचारतो, "पापण्या बोटानं खाली ओढल्यात का? हो की नाही तेवढं सांगा." लोकांना ते फार वाईट वाटतं. वाटू दे.

मित्रांनो, मेल्यावर काय होतं याचा वाद तुम्ही मोठे झाल्यावर खुशाल घाला. स्वर्ग म्हणा, पुनर्जन्म म्हणा, काही नाही म्हणा. पण घरात कुणी गेलं तर आधी तोंडाकडे बघा, हात पुढे करा, पापण्या खाली घ्या, पंखा बंद करा, पापण्यांवर ओला कापूस ठेवा, आणि मग अंगणात जाऊन हवं तितकं भांडा. पुढच्या जन्मी कोण आंधळं येणार ते मला माहीत नाही. या जन्मी कोण आंधळं राहिलं ते मात्र पक्कं माहीत आहे. त्याचं नाव कोंडीराम, आणि त्या दिवशी दुपारी दोन वाजता वॉर्डाच्या दारात त्यानं गार भाकरी खाल्ली.