विमान कशाने पडलं असेल

विमान कशाने पडलं असेल हे मिस्त्री बाकड्यावर बसलेल्यांना समजावून देत होता, तेव्हा त्याची बायको त्याच विमानात होती हे त्याला माहीत नव्हतं.

बातमी सकाळीच आली होती. बड्या लोकांचं असतं तसलं एक लहान जेट विमान धावपट्टीवरून उठलं आणि थोड्या वेळातच माळावर कोसळलं. आतलं कुणी वाचलं नव्हतं. न्हाव्याने दाढी अर्धी टाकून मोबाइलवरचा काळा धूर सगळ्यांना दाखवला होता. मिस्त्रीचं पंप दुरुस्तीचं पत्र्याचं शेड आणि न्हाव्याचं दुकान एकमेकांना खेटून होतं. दोघांच्या दारात मिळून एकच बाकडं. ज्याची दाढी व्हायची तोही त्यावर बसायचा आणि ज्याचं इंजिन उघडलेलं तोही. फौजीला दाढी नव्हती आणि इंजिनही नव्हतं. तो नुसताच बसायचा.

"मिस्त्री, तुझं काय म्हणणं?" फौजीने विचारलं.

मिस्त्रीने हातातला पाना बाजूला ठेवला. मत द्यायचं म्हटलं की त्याला हात मोकळे लागत. "हे बघा, इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा, तेल आणि कान देणारा माणूस. इंजिन बंद पडायच्या आधी सांगत असतं, बाबा मी चाललो. पण त्या विमानात ऐकणार कोण? सगळे कानात बोळे घालून बसलेले."

सगळे हसले. सगळ्यांत जास्त मिस्त्रीच हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

फोन कारखानदाराच्या ड्रायव्हरचा होता. मिस्त्रीची बायको कारखानदाराच्या म्हाताऱ्या आईचं सगळं करायची. अंघोळ, औषध, भरवणं, रागावणं. म्हातारीला मोठ्या शहरातल्या इस्पितळात न्यायचं ठरलं होतं. बायकोने गाडीतून विमानतळापर्यंत जायचं, म्हातारीला बसवून द्यायचं आणि त्याच गाडीने परत यायचं, असं बोलणं झालं होतं.

"मिस्त्री, तुम्ही बातम्या बघितल्या का?" ड्रायव्हरने विचारलं.

"बघितल्या की. तेच तर बोलतोय आम्ही."

मग ड्रायव्हर म्हणाला, "आईसाहेबांनी वहिनींचा हात सोडलाच नाही हो. मग मालक म्हणाले, चला तुम्हीपण."

पुढे मिस्त्रीला त्या दिवसातलं फार थोडं आठवायचं. पण फोन कानाला लावला तेव्हा तोंडावर हसू होतं, हे पक्कं आठवायचं. तो स्वतःलाच म्हणायचा, तीन गोष्टी लागतात म्हणे. सांगणारा कोण, तर दिवसभर कानात तेल ओतल्यासारखा बसलेला.

माणसं आली, बसली, गेली. घरात दोघांशिवाय तिसरं कुणी कधी नव्हतंच. आता एकटं राहून त्याला कळेना की चहाची साखर कुठल्या डब्यात आहे. मीठ घातलेला चहा एकदा पिऊन झाल्यावर तो दुकानात परत गेला.

पण बाकडं बदललं होतं. न्हावी पावसाबद्दल बोलायचा, फौजी स्वतःच्या गुडघ्याबद्दल. वरून विमान गेलं की दोघेही जमिनीकडे बघायचे. फौजी तर एकदा वाकून चपलेचा पट्टा बांधायला लागला. त्याच्या चपलेला पट्टा नव्हता.

शेवटी मिस्त्रीच वैतागला. "अरे, बोला की! गावात दुसरा विषय नाही हे मला माहीत आहे. मी लघवीला गेलो की तेच बोलता, परत आलो की पाऊस येतो. माझ्यासमोर बोला. मलापण सांगायचंय."

झालं. बांध फुटल्यासारखे सगळे सुटले.

"पाखरू," फौजी म्हणाला. "इंजिनात पाखरू शिरलं असणार. मी हवाई तळावर असताना असं..."

"तळावर तू भांडी घासायचास," न्हावी म्हणाला.

"स्वयंपाकघराची खिडकी धावपट्टीकडेच होती! तू गप्प बस. तुझं काय म्हणणं?"

"झोप. चालवणाऱ्याची झोप झाली नसेल. माझ्या हातात वस्तरा असतो, मला कळतं. रात्री जागलो की सकाळी एकाचा तरी कान भोगतो."

"मग माझा का भोगला? तेव्हा तर तू दुपारी झोपून आला होतास."

मिस्त्री रोज ऐकायचा, रोज भर घालायचा. वारा, धुकं, तार तुटली, नट ढिला राहिला. जेटचं इंजिन त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, लांबून आवाज तेवढा ऐकला होता. पण पंपाचं इंजिन खोलून त्याच्या आत बोट घालून तो दाखवायचा, "समजा, हेच ते विमान." मग सगळे त्या तेलकट भोकात वाकून बघायचे. शेडमध्ये लोकांची इंजिनं उघडी पडून राहिली. इंजिनवाले विचारायला यायचे आणि चर्चेला बसायचे.

विमानाबद्दल बोलत असलं की तिच्याबद्दल बोलावं लागत नव्हतं. हे त्याला कळत होतं. तो इतका काही बिनडोक नव्हता. पण बरं वाटत होतं, आणि बरं वाटायला त्याला दुसरं काही उरलं नव्हतं.

एक दिवस न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण फिरवता फिरवता सहज बोलून गेला, "नाहीतर वजन. लहान विमान म्हणजे माणसं मोजूनमापून बसवतात. ऐनवेळी एखादं माणूस जादा चढलं की..."

तो थांबला. ब्रश गालावरच राहिला. फौजी खोकला. गिऱ्हाईक साबणाच्या तोंडाने म्हणालं, "पाऊस येईल असं वाटतंय."

मिस्त्रीने पाना उचलला, खाली ठेवला आणि घरी गेला.

जादा. हा शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. एसटीत सीटच्या टोकावर अर्धी बसून शेजारणीला जागा देणारी बाई. जेवायला बसली तर भांड्यात काय उरलं ते बघून ताटात घेणारी. जन्मभरात ती कुठेच जादा झाली नव्हती, आणि आता एवढ्या मोठ्या आभाळात तीच तेवढी जादा झाली? चौकशी चालू आहे, एवढंच सगळे सांगत. चौकशीतून हेच निघालं तर? तिच्यामुळे म्हातारी गेली, कारखानदार गेला, चालवणारे गेले, असं कुणी म्हणालं तर?

दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर करून टाकलं. "इंधनात पाणी होतं. दुसरं काही नाही. एक तांब्या पाणी पुरतं. संध्याकाळी माझ्या मळ्यात या, दाखवतो."

"कुणाच्या इंजिनावर?" फौजीने विचारलं.

"माझ्या. दुसऱ्याच्या इंजिनाशी मी असला खेळ करीन का?"

स्वतःचं इंजिन होतं म्हणून चालेल, हे त्या घडीला कुणालाच खटकलं नाही. संध्याकाळी विहिरीपाशी ही गर्दी. न्हावी एका गिऱ्हाइकाला अर्ध्या मिशीसकट घेऊन आला होता. मिस्त्रीने हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, पाइपातून पाण्याची धार पडली. मग त्याने तांब्या उचलला, सगळ्यांना दाखवला आणि डिझेलच्या टाकीत ओतला.

थोडा वेळ काही झालं नाही. मिस्त्रीला घाम फुटला. मग इंजिन एकदा ठसकलं, दोनदा ठसकलं, पांढरा धूर सोडला आणि गप्प झालं. धार बारीक झाली, तुटली, पाइपाच्या तोंडाशी थेंब लोंबकळत राहिला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"सिद्ध झालं!" फौजी ओरडला. "सरकारला कळवायला पाहिजे."

"माझं वजनाचं म्हणणं मी मागे घेतो," न्हावी मान खाली घालून म्हणाला.

लोक समाधानाने घरी गेले. मिस्त्री एकटाच उभा राहिला. बायको दोषातून सुटली, असं त्याला वाटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. मग त्याने सवयीने हँडल मारलं. इंजिन हललं नाही. पुन्हा मारलं. खांदा भरून आला. टाकी रिकामी केली, पुसली, नळी फुंकली. आतलं काहीतरी पाण्याने धरून ठेवलं होतं, आणि त्याचा सुटा भाग तालुक्यालाच मिळणार होता.

आणि मग त्याला बांधाकडेचा वाफा दिसला.

ते कांद्याचं रोप तिने पेरलं होतं. जाताना म्हणाली होती, "रोप जरा मोठं झालं की मी लावीन. तोवर पाणी तेवढं चुकवू नका. तुमचं लक्ष नसतं." त्याने चुकवलं नव्हतं, वजनाची गोष्ट निघेपर्यंत. कालची पाण्याची पाळी चुकली होती. रोपाची टोकं पिवळी पडून वळायला लागली होती, जमीन टाचेला टोचत होती. शेजाऱ्याचं इंजिन मागावं म्हणून तो दोन पावलं निघालाही. मग आठवलं की शेजाऱ्याचं इंजिन त्याच्याच शेडमध्ये उघडं पडलंय. त्याच्या शेजारच्याचंही. कालपर्यंत ती सगळी विमानं होती.

सकाळी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, शेजारच्याच गावात दिलेली. ती बहिणीचं रोप बघायला आली होती. वाफा बघून तिने पदर खोचला.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"इंजिन बंद पडलं."

"कशाने?"

मिस्त्री टाकीचं झाकण पुसायला लागला.

"कशाने पडलं म्हणते मी?"

"पाण्याने. मीच ओतलं. सिद्ध करायचं होतं."

त्याने सगळं सांगितलं. जादा माणूस, वजन, तांब्या, टाळ्या. मेहुणी ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्याचं काही ठरत नव्हतं, रडावं की फोडून काढावं.

"ताईच्या वजनाने विमान पडलं?" ती म्हणाली. "अहो, तिला बियाणाच्या दुकानातल्या काट्यावर उभी केली होती ते आठवतं का? काटा हललाच नाही. दुकानदाराला वाटलं बिघडला."

"आठवतं."

"मग दुरुस्तीला कुणाला बोलावलं?"

"मला."

"मग?"

"मी उघडला."

"मग?"

"मग तो परत नीट लागला नाही," मिस्त्री म्हणाला. "अजून पोत्यामागे दोन किलो जास्त दाखवतो."

मेहुणीला हसू फुटलं आणि हसता हसता ती खाली बसली. मिस्त्रीही हसला. फोनच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. त्याचं हसणं मध्येच फाटलं आणि मग तो बराच वेळ तसाच रडत राहिला, तेलकट हातांनी तोंड पुसत, त्यामुळे आणखी काळा होत. मेहुणीने त्याला थांबवलं नाही. तीही रडून घेत होती.

मग ती म्हणाली, "म्हातारीने हात धरला आणि ताईने सोडवून घेतला नाही. मला एवढंच कळतं. ते तुमच्या कुठल्या इंजिनात सापडणार?"

"पण कशाने पडलं हे कळायला नको?"

"कळू दे तेव्हा कळू दे. बादली कुठे आहे?"

दोघांनी विहिरीतून पाणी शेंदलं. मिस्त्रीला वाटलं होतं, पंपवाल्या माणसाला एवढंसं पाणी शेंदणं म्हणजे काय. चौथ्या बादलीला त्याच्या तळहाताची साल गेली. हे बघून बाकड्यावरचे आले. फौजीने गुडघ्याचं कारण सांगितलं आणि नंतर स्वतःच दोर धरला. न्हावी बादल्या वाहताना अर्ध्या सांडत होता.

"वजन जास्त होतंय," मिस्त्री त्याला म्हणाला.

न्हावी घाबरून थांबला. मग मिस्त्रीचं तोंड बघून हळूच हसला.

संध्याकाळपर्यंत रोपाने मान वर केली. सगळ्याने नाही. मेहुणी दोन दिवस राहिली. तिने रोप उपटलं, शेंडे खुडले, आणि मिस्त्रीला लावायला बसवलं. आजवर बायको लावायची आणि तो बांधावर उभा राहून ओळ वाकडी झाली म्हणून सांगायचा. आता ओळ त्याची होती आणि सापासारखी जात होती.

"किती खोल घालताय?" मेहुणी ओरडली. "कांदा आहे तो. पुरायचा नाहीये."

त्याने रोप वर काढलं, पुन्हा लावलं. बोटाने माती दाबली. बायकोचं बोट जिथे बसायचं तिथेच असेल का, याचा त्याला अंदाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी मेहुणी घरी गेली. तिलाही तिचं घर होतं. जाताना साखरेचा डबा कोणता ते दाखवून गेली.

फौजी अजून पाखराचंच म्हणतो. चौकशी चालू आहे. मिस्त्रीचं इंजिन उघडं पडलंय, सुटा भाग आणलेला नाही. शेजाऱ्याचं मात्र त्याने जोडून दिलं आणि त्याच इंजिनावर सध्या त्याचं भागतंय. रोप बऱ्यापैकी लागलं. एक वाफा लावायचा राहिला आहे.